अडगळ : घरातली आणि मनातली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आध्यात्मिक मार्गदर्शन’ असं छापलंय. ते कोणी छापलं ते मला ठाऊक आहे, त्यांच्याशी नंतर बोलेन. मी निवृत्त शिक्षिका. मराठी आणि इतिहास शिकवला. मार्गदर्शनाची खोड आहे, पण ती वर्गातली. झालं असं की जिने, गच्ची, डक्ट आणि पार्किंग रिकामं करा अशी नोटीस लागून तीन महिने झाले आणि एक कुंडीसुद्धा जागची हलली नाही. मग कमिटीचे दोघं माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या चर्चमध्ये ते मन साफ करणं वगैरे असतं ना, त्यातलं काहीतरी सांगा. म्हणजे लोक निदान चपलांचे स्टँड तरी आत घेतील.”

तर असतं. आमच्यात ते असतं, आणि तुमच्यातही असतं. मी ख्रिस्ती घरात वाढले म्हणून मला त्या बाजूने जे दिसलं ते सांगते. कोणाला काही पटवायला मी उभी नाही. पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या घरचे मोदक आणि करंज्या खाल्ल्यात, त्यामुळे एवढं बोलायचा हक्क आहे असं समजते.

आपण इथे राहायला आलो तेव्हा वरवे बुद्रुक म्हटलं की पुण्याचा माणूस “कुठे आलं हे?” असं विचारायचा. मग खेड-शिवापूरच्या पुढे, नसरापूरच्या अलीकडे, असा पत्ता सांगावा लागे. आणि सामान किती होतं? आमच्या टेम्पोत एक लोखंडी पलंग, एक कपाट, दोन पेट्या, गॅस, शिलाई मशीन आणि पुस्तकांची चार खोकी. टेम्पोत जागा उरली म्हणून ड्रायव्हरने वाटेत एका माणसाला त्याच्या सायकलसकट बसवून घेतलं. आज त्याच घरातून मी बाहेर पडायचं म्हटलं तर तीन टेम्पो लागतील. माणसं मात्र चाराची एक झाली.

हे सगळं हावरेपणाने साठलं असं मला वाटत नाही. आपल्यातल्या साठीपुढच्या लोकांनी बहात्तरचा दुष्काळ पाहिलाय. मिलो खाल्लाय, शाळेत सुकडी खाल्लीय. त्या पिढीच्या हातून खिळा फेकवत नाही, सुतळीचा तुकडा टाकवत नाही. शिवाय जुन्या घरात प्रत्येक वस्तूला पुढचा मुक्काम असायचा. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पोतेरं, आणि मोडकी खुर्ची चुलीत. पडवी होती, परडं होतं, गोठा होता. फ्लॅटमध्ये आपण ती सवय आणली, पण परडं आणलं नाही. म्हणून वस्तू म्हातारी होते, पण मरत नाही. ती माळ्यावर जाते, माळा भरला की गच्चीवर, आणि गच्ची भरली की जिन्यात. तिथे ती सगळ्यांची होते, म्हणजे कोणाचीच नसते.

माझं माहेर नगरचं. नाताळाआधी घर झाडायचं, चुना द्यायचा, हे तुमच्या दिवाळीसारखंच. पण आमच्या आजीची खरी आवराआवर व्हायची ती ईस्टरच्या आधी. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, चाळीस दिवस असतात. त्याला आम्ही उपवासकाळ म्हणतो. आजी त्या दिवसांत रोज स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि आठवड्याला एक पेटी उघडायची. गेल्या ईस्टरपासून ज्या वस्तूला हात लागला नाही ती बाहेर. तिचं म्हणणं असं, की या वस्तूचा मालक दुसराच कोणीतरी आहे, आपण त्याचा पत्ता शोधला नाही एवढंच. मग ती खरंच पत्ता शोधायची. ‘द्यायचंय कुणाला तरी’ असं तिच्या तोंडी नव्हतं. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाचा मुलगा बोर्डिंगला चाललाय, हे आधी विचारायचं आणि मगच गाठोडं बांधायचं.

पुढे वाचन वाढल्यावर कळलं, की चौथ्या शतकात बेसिल नावाचा एक बिशप होऊन गेला, त्याने दुष्काळात श्रीमंतांना अगदी हेच सुनावलं होतं. तुझ्या पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, अशा अर्थाचं. आजीला बेसिल ठाऊक नव्हता. तिला बाप्तिस्मा करणारा योहान ठाऊक होता. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे नाही त्याला एक द्यावा, असं त्याने लोकांना सांगितल्याचं लूकच्या शुभवर्तमानात आहे. दोन असतील तर एक. हिशेब इतका सोपा आहे की तो चुकवायला फार हुशारी लागते, आणि ती आपल्या सगळ्यांकडे भरपूर आहे.

आजकाल मुली मला मोबाइलवर जपानच्या मारी कोंडोबाईंचे व्हिडिओ दाखवतात. वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्या. पद्धत छान आहे. (तिसरं मूल झाल्यावर बाईंनीच सांगितलं की आता घर तितकं नीटनेटकं ठेवणं जमत नाही. ते ऐकून मला त्या फारच आवडायला लागल्या.) पण आजीची कसोटी मला जास्त पक्की वाटते. आनंदाचा प्रश्न विचारला की मी परत माझ्यापाशीच येते. मालकाचा प्रश्न विचारला की दार उघडून बाहेर जावं लागतं.

साठवण्याला बायबल सरसकट वाईट म्हणतं, असा समज करून घेऊ नका. इजिप्तमध्ये योसेफाने सात वर्षं धान्याची कोठारं भरली आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात लोक जगवले. ते शहाणपणच होतं. दुसरीकडे येशूने एका शेतकऱ्याचा दाखला दिला. त्याला पीक एवढं आलं की जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचा बेत त्याने केला, आणि त्याच रात्री त्याचा जीव गेला. मग हे सगळं कोणाचं होणार, असा प्रश्न त्या दाखल्यात देवच त्याला विचारतो. दोघांनीही धान्यच साठवलं. फरक आहे तो कोठाराच्या दाराचा. योसेफाचं दार बाहेर उघडत होतं.

आता हा प्रश्न, ‘हे सगळं कोणाचं होणार’, आपल्या वयाच्या लोकांनी जरा जवळून ऐकायला हवा. आपली मुलं हिंजवडीत, बंगळूरला, कोणाची परदेशात. आपण गेल्यावर ती आठ दिवसांची रजा काढून येणार. त्यातले चार दिवस पाहुण्यांत जाणार आणि उरलेल्या चारांत त्यांना आपला माळा उपसायचा आहे. त्यांनी तो कसा उपसावा असं तुम्हाला वाटतं? ती भंगारवाल्याला बोलावतील आणि “सगळं उचला” म्हणतील. त्यात दोष त्यांचा नाही. कुठली पितळी गणपतीची मूर्ती सासूबाईंनी दिलेली आणि कुठली बसस्टँडवर घेतलेली, हे त्यांना कोण सांगणार?

आमचे हे गेले त्याला चार वर्षं झाली. ते वस्तू जपणारे होते. त्यांचा माळा उपसायला मला पावणेदोन वर्षं लागली. तीन बंद मिक्सर निघाले, तिन्हींची भांडी शाबूत. वायरींचं एक पोतं. जगातल्या कुठल्याही यंत्राला जोडता येईल अशी एक तरी वायर त्यात असावी. विजेची बिलं, सोसायटीची पहिल्या महिन्यापासूनची पावती-पुस्तकं. कमिटीला हवी असतील तर या, इतिहास आहे. एक रेडिओ. तो मी ठेवलाय. कपडे मी पहिल्या वर्षी काढलेच नाहीत. कोणीतरी म्हणालं, “काकू, किती दिवस ठेवणार?” मी म्हटलं, दिवस मोजत नाहीये. कपाट उघडून वास घ्यायचा आणि बंद करायचं, ते वर्ष तसंच गेलं. ज्यांच्या घरी असं कपाट आहे त्यांना आजच्या भाषणातून सुट्टी. त्यांनी कोणाच्या घाईने ते रिकामं करू नये.

पण त्या माळ्यावर एक वही सापडली. तिच्याबद्दल बोलायला मी ज्यांची परवानगी घ्यायची त्यांची घेतली आहे.

आपल्या इमारतीत भिंतीतून गळती किती घरांत आहे हे सांगायला नको. आमच्याही छताला होती. त्यावरून यांचं आणि वरच्या मजल्यावरच्या भाऊंचं बिनसलं. बाथरूम त्यांचं, छत आमचं, आणि पैसे कोणाचे, हा वाद. अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. जिन्यात समोरासमोर आले तर एक जण किल्ली शोधायचा, दुसरा मोबाइल. वहीत त्या गळतीचा सगळा हिशेब होता. तारखा, ओलीचे डाग किती इंच वाढले ते, प्लंबर केव्हा आला, काय म्हणाला, रंगाला किती रुपये गेले. सुबक अक्षर. शेवटची नोंद ते आजारी पडायच्या तीन आठवडे आधीची. मी ती वही घेऊन बराच वेळ बसले. माळ्यावरची सगळ्यात जड वस्तू तीच होती.

आणि मला हेही आठवत होतं, की हे गेले त्या दिवशी वरच्या वहिनींनी चहाची किटली आणली होती. संध्याकाळी पिठलं-भाकरी पाठवली होती.

अशा वेळी मराठी ख्रिस्ती माणसाला आधार असतात ती आपलीच जुनी माणसं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलंय. फुलामुलांचे कवी. कोकणातल्या करजगावात १८६१ साली जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. ते मिशनमध्ये पगारी काम करत होते, ‘ज्ञानोदय’चे संपादकही होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, ख्रिस्ती संन्यासी म्हणून साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आपल्या गेटसमोरून जातो त्याच रस्त्याने पुढे सातारा. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत ते वारले. हातात पैसा टिकू न देणारा माणूस. अडगळ त्यांच्याकडे होणं शक्यच नव्हतं.

मी लहानपणी त्यांच्या या त्यागाच्या गोष्टी ऐकून भारावून जायचे. मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. तिथे कळलं की घरातलं कोणीतरी सगळं सोडतं तेव्हा घरातलं दुसरं कोणीतरी ते सांभाळत असतं. टिळकांचे हात रिकामे राहिले, कारण लक्ष्मीबाईंचे भरलेले होते. आलेगेले, शिकायला ठेवलेली मुलं, उद्याची भाजी. बाईंनी हे कुठेही रडून सांगितलेलं नाही, उलट हसवत हसवत सांगितलंय, पण एखाद्या बाईने वाचलं की तिला ते बरोबर दिसतं. म्हणून माझं मत असं, की दुसऱ्याच्या परवानगीशिवाय केलेला त्याग हा अर्धा त्याग. आपल्या घरातही पाहा. बायकोची भांडी अडगळ वाटतात आणि स्वतःची अवजारं गरजेची वाटतात. आईचा पाटा काढून टाकू म्हणणारा मुलगा स्वतःच्या शाळेतल्या ट्रॉफ्या काढत नाही. आधी आपलं कपाट.

मनातली अडगळ काढायची झाली तर मात्र गुरू लक्ष्मीबाईच. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याने पार पछाडलेले होते. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, असं ते घर. मुलीच्या मनात ते मुरलेलं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या कोसळल्या. बराच काळ वेगळ्या राहिल्या. परत एकत्र आल्यावरही आपलं सोवळं त्यांनी निराळं सांभाळलं. टिळकांनी ते हिसकावून घेतलं नाही. मग ते बाईंच्या मनातूनच गळत गेलं. माणसाने माणसाला विटाळ मानायचा तो कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर काढलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी मन रिकामं झालं, मग त्यात दुसरं काही आलं. पुढे त्याच घरात सगळ्या जातींची मुलं जेवली. हे पुस्तक आपल्या वाचनकट्ट्यावर नसेल तर माझी प्रत देते. ती पडून नाहीये, दर वर्षी वाचते, पण देते.

आणि टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या वाटेने. म्हणून देहूचीही आठवण काढते, कारण वही हातात घेऊन बसले होते तेव्हा मला पहिली आठवण तुकोबांचीच आली. घरात महाजनकी, लोकांकडे कर्जं, आणि दुष्काळात सगळ्यांची वाताहत. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला पाठ आहे. त्यातला एक तपशील आपण विसरतो. धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी त्याला देऊन टाकली. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. केवढी नाजूक गोष्ट आहे ही! दुसऱ्याचं येणं माफ करायचा मला हक्क नाही. माझ्या वाट्याचं मात्र मी आज सोडू शकते, त्यासाठी कोणाची सही लागत नाही.

येशूने शिकवलेली प्रार्थना आम्ही रोज म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तिथे अपराधासाठी मराठी बायबलने जो शब्द वापरलाय तो ‘ऋण’. मूळ ग्रीक शब्दही देण्याघेण्यातलाच. देवाने माझं ऋण सोडावं असं मागताना मी माझ्या ऋणकोंचं सोडलंय, असं आम्ही रोज तोंडाने म्हणतो आणि उठून वह्या लिहायला बसतो. त्याच डोंगरावरच्या प्रवचनात आणखी एक अवघड गोष्ट आहे. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुझ्या मनात त्याच्याविषयी काही आहे असं तिथे म्हटलेलं नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी! चूक कोणाची हा मुद्दाच तिथे घेतलेला नाही.

मी वही घेऊन वर गेले नाही. ती दाखवली असती तर दोन्ही बाजूंचे प्लंबर पुन्हा उभे राहिले असते. यांच्या मनात काय होतं त्याचा निकाल मी लावू शकत नाही, तो त्यांच्या वाट्याचा भाग. माझ्या वाट्याला अकरा वर्षं न बोलणं आलं होतं, तेवढंच माझं होतं. एका संध्याकाळी किटली परत द्यायला गेले. ती आमच्याकडेच राहिली होती. वहिनी म्हणाल्या, “या ना आत.” भाऊ उठून उभे राहिले. गळतीचा विषय निघाला नाही, आज तीन वर्षं झाली तरी निघालेला नाही. आम्ही काही जिवलग झालो नाही. पण त्यांच्या कुंडीतला कढीपत्ता माझ्या आमटीत असतो, आणि माझा नातू सुट्टीत आला की त्यांच्याकडे कॅरम खेळतो. वहीची पानं मी भिजवून झाडाच्या मुळाशी घातली. छताचा डाग अजून आहे. पुढच्या महिन्यात सोसायटीकडून वॉटरप्रूफिंग होणार असं ऐकते, अध्यक्षांनी मान हलवावी.

हलवली. सगळ्यांनी पाहिलं.

रिकामं करण्याबद्दल येशूचा एक इशाराही आहे, तो सांगते, कारण व्हिडिओवाल्या बाई तो सांगत नाहीत. एका घरातून दुष्ट आत्मा निघून जातो. हिंडून परत येतो तो घर झाडलेलं, सजवलेलं आणि रिकामं. मग तो आपल्याहून वाईट आणखी सात जणांना घेऊन येतो आणि पहिल्यापेक्षा वाईट दशा होते. आपल्या गच्चीवर हे होताना मी पाहिलंय. पाच वर्षांपूर्वी गच्ची चकाचक केली, सहा महिन्यांत दुप्पट सामान आलं. जागा रिकामी झाली, पण तिथे काय करायचं ते कोणी ठरवलं नव्हतं. मनाचंही तेच. एकाशी भांडण मिटवलं आणि ती जागा तशीच ठेवली, तर तिथे दुसरं भांडण राहायला येतं, आणि ते भाडंही देत नाही. म्हणून माझी कमिटीला विनंती, की गच्ची रिकामी झाली की आठवड्यात तिथे बाकं टाका, पाण्याची सोय करा, संध्याकाळी म्हाताऱ्यांना बसू द्या. तिथून पावसाळ्यात डोंगर किती छान दिसतात!

आता जिन्याकडे येते. आपल्याकडे लिफ्ट नाही. मागच्या पावसाळ्यात दुसऱ्या विंगमधल्या एका काकांना रात्री छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली. स्ट्रेचर मात्र दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. एक चपलांचं कपाट, दोन सायकली, एक जुना कूलर. शेवटी मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवलं. काका समोर बसलेत, देवाची कृपा. खुर्ची उचलणारी मुलंही ती मागे बसलीत. जिने मोकळे ठेवायचा कायदा आहेच, २००६ सालचा महाराष्ट्राचा आगप्रतिबंधक कायदा आहे, सेक्रेटरी त्याचं कलम वाचून दाखवतील. मला कलम लागत नाही. त्या वळणावर जे सामान होतं ते कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं, आणि ते एका माणसाच्या श्वासाच्या आड आलं होतं. याहून जास्त काय सांगू?

एक शेवटचं, देण्याबद्दल. ‘देऊन टाकू’ म्हणताना त्यातलं ‘टाकू’ जरा तपासून पाहा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुने कपडे जाऊन पडले. ढीग लागले. तिथल्या कोळी बायकांना ते कपडे उपयोगाचेच नव्हते, काही तर अंगावर घालण्यासारखे नव्हते. ‘गूंज’ नावाच्या संस्थेने ते ढीग निस्तरले, निवडले, धुतले, उपयोगाला लावले. आपण आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात ठेवली आणि तिला दान म्हटलं, असं होऊ नये. बटण तुटलं असेल तर लावून द्या. चेन बिघडली असेल तर दुरुस्त करून द्या. गोधडीला चालेल असं कापड वेगळं बांधा. आपल्या भागात गोधडी शिवणाऱ्या बायका अजून आहेत, त्यांना धडकं कापड हवं असतं. फाटकी मोजे-बनियनं त्यांना देऊ नका. औषधं कोणालाही देऊ नका. जुने मोबाइल, बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका, वेगळ्या खोक्यात ठेवा. आणि पुस्तकं देताना आत ठेवलेल्या नोटा तपासा. माझ्या एका पुस्तकात बंद झालेली पाचशेची निघाली.

यांचे कपडे मी दुसऱ्या वर्षी काढले. इस्त्री केले, बटणं लावली. ज्यांना दिले ते या रस्त्यावरच्या एका गोदामात वॉचमन आहेत, उंची साधारण तेवढीच. कधी कधी रिक्षात बसल्यावर तो निळा शर्ट दिसतो. दोनांतला एक द्यायचा होता, मी सगळे दिले, एक स्वेटर ठेवला. योहान चालवून घेईल.

तर येत्या रविवारी टेम्पो सांगितलाय. सकाळी नको असं मी कमिटीला आधीच सांगितलंय, मला पुण्याला चर्चला जायचं असतं, पावणेदोनपर्यंत परत येते. टेम्पो तीन वाजता गेटपाशी उभा राहील. भंगार डावीकडे, वापरण्याजोगं उजवीकडे, कोणाचं काय ते चिठ्ठी लावून. जिन्यातलं सामान ज्याचं त्याने उतरवायचं, म्हाताऱ्यांचं मुलं उतरवतील. माझी पाच खोकी आणि वायरींचं पोतं आहे, दुसरा मजला, दार उघडं असेल. चहा मी करते. किटली वरून आणेन.